इंग्रजी 'पॉवर' जर्मनमध्ये नेताना: तुमच्या क्षेत्रात कोणता शब्द वापरतात?

शब्दवेडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहून इंग्रजीतून जर्मनमध्ये तांत्रिक भाषांतरं करते. शेवटचा हात जर्मन मातृभाषा असलेल्या संपादकाचा असतो, पण पहिला मसुदा आमचा, आणि मसुद्यात घुसलेला चुकीचा शब्द पुढे फार चिवटपणे टिकतो. म्हणून हा धागा.

सध्या हातात ट्रॅक्टर आणि त्याच्या अवजारांचं मॅन्युअल आहे. एजन्सीकडून आलेल्या शब्दसूचीत 'पॉवर'समोर एकच शब्द आहे: लाइस्टुंग, म्हणजे वॅटमध्ये मोजायची शक्ती. जुन्या भाषांतरांचा साठा वापरणारं सॉफ्टवेअरही जिथे 'पॉवर' दिसेल तिथे तोच शब्द सुचवतं. आता प्रत्यक्ष मजकूर बघा.

इंजिनाच्या तक्त्यात 'रेटेड पॉवर' आहे. तिथे नेनलाइस्टुंग, वाद नाही. पुढच्याच पानावर 'पॉवर स्टेअरिंग' येतं, त्याला जर्मन माणूस झेर्वोलेंकुंग म्हणतो. 'पॉवर टेक-ऑफ', म्हणजे आपला पीटीओ, अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, तो त्साप्फवेले. 'पॉवर शिफ्ट' गिअरबॉक्सला लास्टशाल्टगेट्रीबे, कारण तिथे ओढ चालू असताना, भार असतानाच गिअर बदलतो हे महत्त्वाचं. मागे जोडायचा 'पॉवर हॅरो' तर थेट क्राइझलएगे, भोवऱ्यासारखा फिरणारा कुळव. या चारही नावांत लाइस्टुंगचा मागमूस नाही.

ही नावं निदान चांगल्या तांत्रिक कोशात मिळतात. माझी खरी अडचण दोन जागी आहे. सुरक्षेच्या प्रकरणात पुन्हा पुन्हा येतं की देखभालीआधी 'पॉवर' बंद करा. कोणती, ते लिहिलेलं नाही. आणि डॅशबोर्डच्या चित्रात चार ठिकाणी नुसताच 'पॉवर' आहे, मागे-पुढे वाक्यच नाही.

तुम्ही अशा वेळी कशावरून ठरवता? आणि इथे विजेच्या, गणिताच्या, कायद्याच्या, वैद्यकीय क्षेत्रातली मंडळी आहेत, तर आपापल्या क्षेत्रातला जर्मन शब्द कारणासकट लिहाल का? एका ओळीची शब्दसूची बदलून मला नीट संदर्भासह नोंदी करायच्या आहेत.

ट्रान्सफॉर्मरकाका

शब्दवेडीताई, आयुष्य विजेच्या उपकेंद्रांत गेलं आणि त्यातली बरीच यंत्रं जर्मन होती, त्यामुळे त्यांची मूळ कागदपत्रं वाचायची सवय लागली. माझा नियम साधा आहे: आधी एकक बघा.

वॅट किंवा किलोवॅट असेल तर लाइस्टुंग. किलोवॅट-तास असेल तर ती ऊर्जा आहे, इंग्रजीत कुणी सैलपणे 'पॉवर' म्हटलं असलं तरी. अँपिअर असेल तर तो प्रवाह. इंग्रजी माहितीपत्रकात 'पॉवर कन्झम्प्शन' हा एकच शब्द तिन्ही जागी वापरलेला मी पाहिला आहे. जर्मनमध्ये त्याचे तीन वेगळे शब्द होतात. उपकरण १५ वॅट घेतं तेव्हा लाइस्टुंग्सआउफनामे, वर्षाला किती युनिट खातं ते सांगायचं तर श्ट्रोमफेरब्राउख किंवा एनर्गीफेरब्राउख, आणि किती अँपिअर ओढतं ते सांगायचं तर श्ट्रोमआउफनामे. वाचणारा तंत्रज्ञ यावरूनच वायरची जाडी आणि फ्यूज ठरवतो. म्हणून इथे हयगय नको.

एसी वीजपुरवठ्यात लाइस्टुंगचे पुन्हा तीन भाग पडतात. प्रत्यक्ष काम करणारी ती विर्कलाइस्टुंग, नुसती ये-जा करणारी ती ब्लिंटलाइस्टुंग, आणि दोन्ही मिळून दिसते ती शाइनलाइस्टुंग. 'शाइन' म्हणजे वरवर दिसणारं. हे शब्द इतके नेमके आहेत की संकल्पना शिकवतानाही उपयोगी पडतात.

आता तुमचं 'पॉवर बंद करा'. विजेच्या कामात जर्मन माणूस इथे लाइस्टुंग म्हणत नाही आणि श्ट्रोम, म्हणजे प्रवाह, असंही फारसं म्हणत नाही. तो श्पानुंग म्हणतो, म्हणजे दाब, व्होल्टेज. एखादा भाग चालू असेल तर तो 'उंटर श्पानुंग' आहे, आणि काम करण्याआधी तो 'श्पानुंग्सफ्राय' करायचा. तिथे प्रत्येक वीज तंत्रज्ञाला पाच नियम पाठ असतात: पुरवठा तोडा, तो पुन्हा चालू होणार नाही याचा बंदोबस्त करा, दाब नाही हे मोजून खात्री करा, अर्थिंग करून शॉर्ट करा, आणि शेजारचे चालू भाग झाका. पहिल्या नियमाचा शब्द फ्रायशाल्टन. तुमच्या वाक्यातली 'पॉवर' विजेची असेल तर हाच शब्द घ्या. वाचणाऱ्याला पुढचे चार नियम आपोआप आठवतील.

बांधावरून

काका विजेचं बोलले, मी ट्रॅक्टरचं बोलतो. माझ्याकडे ट्रॅक्टर आहे, रोटाव्हेटर आहे.

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. सदऱ्याचं टोक किंवा पंचाचा पदर त्या जॉइंटमध्ये गेला तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. आमच्याकडे नवा ड्रायव्हर आला की सगळ्यात आधी हे सांगतो. 'पॉवर बंद' म्हटल्यावर एक जण पीटीओचा लिव्हर खाली करतो आणि इंजिन चालू ठेवून मागे जातो. दुसरा इंजिन बंद करतो पण किल्ली तशीच ठेवतो, आणि पोरगं सीटवर चढतं. तिसरा दोन्ही करतो, पण अवजार फिरायचं थांबायच्या आत हात घालतो.

ताई, जर्मन शब्द कोणता ते मला माहीत नाही. पण त्या वाक्यात 'पॉवर' ऐवजी काय काय करायचं ते एकेक करून लिहा. पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबेपर्यंत उभं राहायचं, मग हात लावायचा. शब्द कितीही बरोबर असला तरी एका शब्दात हे मावणार नाही.

श्टुटगार्टवासी

बांधावरून, तुम्ही जे लिहिलंत ते जर्मन मॅन्युअलमध्ये जवळजवळ तसंच्या तसं असतं: त्साप्फवेले बंद करा, मोटर थांबवा, त्स्युंटश्ल्युसेल म्हणजे किल्ली काढा, श्टिलश्टांड, म्हणजे सगळं फिरायचं बंद, होईपर्यंत थांबा. त्यामुळे शब्दवेडी, इथे 'पॉवर'ला प्रतिशब्द शोधूच नकोस. मूळ लेखकाला विचार की यंत्र नेमकं कशाने चालतं, आणि मग कृती लिही.

मी इथे यंत्रांच्या कंपनीत दस्तावेजांचं काम बघते. दुसरी बाजू कायद्याची आहे. युरोपात यंत्र विकायचं तर सूचनापुस्तक त्या देशाच्या भाषेत द्यावंच लागतं. सध्याचा आधार २००६ चा यंत्र निर्देश, आणि २० जानेवारी २०२७ पासून त्याची जागा नवं यंत्र विनियम घेईल. निर्माता ज्या भाषेतल्या मजकुराची जबाबदारी घेतो त्यावर 'मूळ सूचना' असं छापायचं, आणि तुझ्या कामावर 'मूळ सूचनांचं भाषांतर' असं. मूळ मजकूर ग्राहकाला भाषांतरासोबत मिळतो. म्हणजे अपघात झालाच तर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली जातात. एजन्सीला हे सांग. एका शब्दासाठी प्रश्नावली पाठवणं हा वेळेचा अपव्यय नाही, हे त्यांना लगेच पटेल.

आता एका शब्दाची बाजू घेते. इथे सगळे लाइस्टुंग म्हणतायत आणि 'क्राफ्ट'चं नाव कुणी काढलं नाही. शाळेच्या भौतिकशास्त्रात क्राफ्ट म्हणजे बल, न्यूटनमध्ये मोजायचं. म्हणून नवे भाषांतरकार त्याला हातच लावत नाहीत. पण वीजकेंद्राला जर्मनमध्ये क्राफ्टवेर्कच म्हणतात. कारण हा शब्द जुना आहे. भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ मध्ये बर्लिनला ऊर्जेच्या अक्षय्यतेवर भाषण दिलं तेव्हा ज्याला आपण आज ऊर्जा म्हणतो त्याला ते क्राफ्टच म्हणत होते. इथून जवळ, नेकार नदीवर लाउफन नावाचं गाव आहे. १८९१ मध्ये तिथून फ्रांकफुर्टच्या विद्युत प्रदर्शनापर्यंत १७५ किलोमीटर तारांवरून तीन फेजची वीज नेली. त्या प्रयोगालाही तेव्हा क्राफ्टयुबरट्रागुंग म्हणत, बलाचं वहन. भौतिकशास्त्राने पुढे शब्द वाटून घेतले, पण यंत्रांच्या जगात जुना अर्थ राहिला.

तुझ्याच मॅन्युअलमध्ये तो सापडेल. ट्रॅक्टरच्या मागचं हायड्रॉलिक, अवजार उचलणारं, इंग्रजीत 'पॉवर लिफ्ट' लिहिलेलं असेल. जर्मनमध्ये तो क्राफ्टहेबर. तिथे लाइस्टुंग टाकलंस तर वाचणाऱ्याला अर्थच लागणार नाही.

शब्दवेडी

क्राफ्टहेबर! आहे, बाराव्या प्रकरणात आहे, आणि साठ्याने तिथेही लाइस्टुंगच सुचवलं होतं. मनापासून आभार.

काका, 'श्पानुंग्सफ्राय' बॅटरीच्या प्रकरणातही लावता येईल का? तिथे व्होल्टेज फक्त १२ आहे.

ट्रान्सफॉर्मरकाका

१२ व्होल्टला पाच नियम लावायची गरज नाही. तिथे 'बॅटरी आप्क्लेमन' म्हणा, म्हणजे बॅटरीची वायर काढा. ऋण टोक आधी. बांधावरून म्हणतात तेच इथेही: कृती सांगा.

रविवारचा वाचक

हे सगळं आता यंत्र भाषांतर करतंच की. एवढा खल कशाला?

श्टुटगार्टवासी

पूर्ण वाक्य दिलं तर बऱ्याचदा बरोबर करतं, मान्य. पण शब्दवेडीचा प्रश्न नुसत्या 'पॉवर'चा आहे, बटणावर छापलेल्या. ते बटण आहे, दिवा आहे की तारेची जागा, हे मजकुरात नाहीच. ते चित्रात किंवा यंत्रावर आहे. ते बघायला कुणीतरी माणूस लागतो.

ऑयलरप्रेमी

गणितासाठी सोपं आहे: पोटेन्त्स. घातमालिका ती पोटेन्त्सराइहे, घातसंच तो पोटेन्त्समेंगे. आपल्या पाठ्यपुस्तकातला 'घात' जिथे जिथे येतो तिथे डोळे झाकून पोटेन्त्स ठेवता येतं. फक्त बोलताना 'दोनचा तिसरा घात' म्हणायचं असेल तर 'त्स्वाय होख द्राय', म्हणजे दोन वर तीन. वर्गात पोटेन्त्स हे नाव ऐकू येतं, आकडेमोड करताना 'होख'.

एक सापळा मात्र आहे. संचात किती घटक आहेत त्याला जुन्या इंग्रजी गणिताच्या पुस्तकांत संचाची 'पॉवर' म्हटलेलं सापडतं. तिथे पोटेन्त्स चालत नाही. संचांचं गणित उभं करणाऱ्या कांटोरच्या परंपरेतला शब्द मेख्टिषकाइट. घातसंच आणि संचाची मेख्टिषकाइट एकाच वाक्यात येतात, तेव्हा इंग्रजी वाचणारा गोंधळतो, पण जर्मन वाचणाऱ्याला प्रश्नच पडत नाही. योगायोगाने हाच मेख्टिषकाइट शब्द भूगर्भशास्त्रात कोळशाच्या किंवा खडकाच्या थराची जाडी सांगायला वापरतात. म्हणून खाणीच्या मजकुरात तो दिसला तर गणितात शिरू नका.

आणि एक कामाची गोष्ट: जर्मन एक्सेलमध्ये सूत्रांची नावंही जर्मन असतात. इंग्रजीत 'पॉवर' नावाचं जे सूत्र आहे ते तिथे पोटेन्त्स आहे. सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिका करणाऱ्यांनी सूत्रांची नावं स्वतः भाषांतरित न करता कंपनीच्या अधिकृत यादीतूनच घ्यावीत. एक अक्षर चुकलं तरी सूत्र चालत नाही.

नमुना_पाहणी

संख्याशास्त्रातली 'पॉवर', म्हणजे खरोखर फरक असताना चाचणीने तो पकडण्याची शक्यता: टेस्टश्टेर्के. काही पुस्तकांत ट्रेनशेर्फे असतं, पण मानसशास्त्राच्या चाचण्यांत ट्रेनशेर्फेचा अर्थ वेगळा आहे: एकेक प्रश्न हुशार आणि कच्चा विद्यार्थी वेगळा काढतो की नाही. तुमच्या लेखात दोन्ही येऊ शकत असतील तर टेस्टश्टेर्केवरच थांबा. औषधांच्या चाचण्यांच्या अहवालात जर्मन डॉक्टर सरळ 'पॉवर' हाच शब्द वापरतात, तोही चालतो.

नेत्रा

भिंगाची 'पॉवर' आम्ही रोज लिहितो. शास्त्रीय मजकुरात ब्रेखवेर्ट, जुना आणि अजून सर्रास चालणारा शब्द ब्रेखक्राफ्ट, एकक डिऑप्ट्री. दुकानात ग्राहकाशी बोलताना श्टेर्के. गंमत बघा, आपण रोजच्या मराठीत यासाठी 'शक्ती' म्हणत नाही. 'चष्म्याचा नंबर' म्हणतो. मराठी माणसाला हे वेगळेपण शिकवावं लागत नाही. वीज गेली, चष्म्याचा नंबर वाढला, दोनचा घात, कुणाला मुखत्यारपत्र दिलं, अमकी महासत्ता. प्रत्येकाला आपला वेगळा शब्द आहेच. मला वाटतं शब्दवेडी, इंग्रजीतून थेट जर्मनमध्ये उडी मारण्याआधी मनात मराठीत म्हणून बघितलं तर बरेच अर्थ तिथेच सुटे होतील.

शब्दवेडी

नेत्रा, हे मी आज दुपारी करून बघितलं आणि खरंच उपयोग झाला. डॅशबोर्डच्या चित्रातल्या चारपैकी दोन 'पॉवर' मराठीत म्हणताना एक 'चालू-बंद' झाला आणि एक 'दिवा'.

वकिली_चष्मा

थोडं कायद्याचं, कारण जर्मनीत राहणारे आणि इकडे फ्लॅट असलेले बरेच जण कुलमुखत्यारपत्र करून घेतात आणि त्याचं भाषांतर करायला देतात. तिथे शब्द फोलमाख्ट. सर्वसाधारण असेल तर गेनेरालफोलमाख्ट. आजारपणात निर्णय घेता यावा म्हणून आधीच करून ठेवतात ती फोरझोर्गेफोलमाख्ट. कंपनीच्या कागदात मात्र जपून. तिथे 'प्रोकूरा' नावाचा एक अधिकार व्यापारी संहितेत नेमून दिलेला आहे, त्याची व्यापार-नोंदवहीत नोंद होते आणि तो अधिकारी सहीआधी ठरलेली संक्षिप्त अक्षरं लिहितो. भारतीय कंपनीने दिलेल्या साध्या मुखत्यारपत्राला प्रोकूरा म्हटलं, तर त्या माणसाला कायद्याने नसलेले अधिकार आहेत असा वाचणाऱ्याचा समज होईल. फोलमाख्टच ठेवा आणि कक्षा वाक्यात लिहा.

राज्यघटनेच्या मजकुरात 'पॉवर' आली की गेवाल्ट. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याच्या कलम २० मध्ये म्हटलं आहे की सर्व श्टाट्सगेवाल्ट लोकांपासून येते. विधिमंडळ, शासन आणि न्यायपालिका यांची विभागणी ती गेवाल्टनटाइलुंग. हाच गेवाल्ट शब्द हिंसेसाठीही वापरतात, म्हणून नवखे तो टाळतात आणि माख्ट लिहितात. टाळू नका. माख्ट म्हणजे कुणाच्या हातात प्रत्यक्ष असलेली सत्ता, गेवाल्ट हा घटनेने दिलेला अधिकार. पण एका ठिकाणी जर्मनांनी स्वतःच तो काढून टाकला. पालकांच्या मुलावरच्या अधिकाराला पूर्वी एल्टर्लिषे गेवाल्ट म्हणत. १९८० पासून कायद्यात एल्टर्लिषे झोर्गे आहे, म्हणजे काळजी. घटस्फोटाच्या कागदांत जुना कोश बघून जुना शब्द लिहिणं आता चूक ठरेल.

श्टुटगार्टवासी

आणखी एक, ट्रॅक्टरकडे परत येते. शब्दवेडी, इंजिनाची 'पॉवर' इंग्रजी मजकुरात हॉर्सपॉवरमध्ये आहे का?

शब्दवेडी

हो, १०० एचपी. मी १०० पीएस लिहिलं आणि कंसात किलोवॅट घातले.

श्टुटगार्टवासी

थांब. जर्मन पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती, ७३५.५ वॅट. इंग्रजी एचपी ७४५.७ वॅट. त्यामुळे १०० एचपी म्हणजे साधारण १०१.४ पीएस, आणि ७४.६ किलोवॅट. पण त्याआधी निर्मात्याला विचार की त्यांनी लिहिलेला एचपी नेमका कोणता आहे, कारण आशियातल्या अनेक माहितीपत्रकांत मेट्रिक आकड्यापुढेही एचपीच लिहिलेलं असतं. जर्मनीत १९७८ पासून कायदेशीर एकक किलोवॅट आहे. म्हणून तू किलोवॅट पुढे ठेव आणि पीएस कंसात. आणि हा आकडा इंजिनाचा की पीटीओवर मिळणाऱ्या लाइस्टुंगचा, तेही विचार. इंजिन आणि पीटीओ यांच्या मधल्या गिअरांत थोडी शक्ती खर्च होते, त्यामुळे त्साप्फवेलनलाइस्टुंग नेहमी कमी असते, आणि इथला शेतकरी अवजार निवडताना तोच आकडा बघतो.

बांधावरून

इथलाही तोच बघतो.

शब्दवेडी

दोन दिवसांनी परत आले. निर्मात्याकडून उत्तरं आली आणि आकडा मेट्रिक निघाला, म्हणजे १०० पीएस बरोबर, पण किलोवॅट ७४.६ नाही, ७३.५. पीटीओचा आकडा मूळ पुस्तकात नव्हता, तो आता ते इंग्रजीतही घालणार आहेत.

डॅशबोर्डच्या चित्राचा उलगडा असा झाला. कळीवर 'पॉवर' आहे, तिथे 'आइन/आउस'. त्याच्या शेजारच्या हिरव्या दिव्याला बेट्रीप्सआनत्साइगे, यंत्र चालू असल्याचा दिवा. एका खाचेवर 'पॉवर' आहे, तिथे फोन चार्ज करायचा, ती १२ व्होल्टची श्टेकडोझे. चौथं स्क्रीनवर आहे, त्याच्याखाली टक्के दिसतात, तिथे इंजिनावर किती भार आहे ते कळतं. मूळ लेखकाने स्वतःच कळवलं की तिथे 'पॉवर' नको होतं, 'लोड' हवं होतं. म्हणून आउसलास्टुंग.

सुरक्षेच्या प्रकरणातली सगळी वाक्यं बांधावरून यांनी सांगितलेल्या क्रमाने लिहून पाठवली. मूळ इंग्रजीही त्याप्रमाणे सुधारत आहेत.

शेवटचा एक प्रश्न. पुढचं काम त्याच निर्मात्याच्या पॉवर टिलरचं येतंय, कोकणात भातशेतीत चालतो तो. जर्मनमध्ये मला दोन शब्द दिसतात, आइनाक्सश्लेपर आणि मोटरहाके. कोणता?

श्टुटगार्टवासी

चाकं बघ. स्वतःच्या चाकांवर चालत असेल, मागे-पुढे वेगवेगळी अवजारं आणि ट्रॉलीही जोडता येत असेल, तर आइनाक्सश्लेपर, एका आसाचा ट्रॅक्टर. चाकं नसतील आणि फिरणारी पातीच माती उकरत यंत्राला पुढे नेत असतील, तर मोटरहाके. ते बागेतलं छोटं यंत्र.

बांधावरून

कोकणातल्याला चाकं असतात. चिखलणीला रबरी काढून लोखंडी लावतात, आणि घरी येताना मागे ट्रॉली.

शब्दवेडी

मग आइनाक्सश्लेपर. लोखंडी चाकांसाठी गिटरेडर दिसतोय कोशात, जाळीची चाकं. फोटो मागवते आणि तोही इथे टाकते, म्हणजे काका आणि श्टुटगार्टवासी दोघांनाही बघता येईल.